माझ्या हातचं शुद्ध मराठी

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडचं लिहिलं. स्वतःचं असं हे पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा सुरुवातीला थोडा अडखळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून होतो. कोणत्या, ते सांगत नाही; पुढे जे सांगणार आहे त्यात चुका आहेत, आणि त्या कार्यालयाच्या नव्हेत, माझ्या आहेत. नोकरीच्या कागदावर पद ‘लिपिक’ असलं तरी काम एकच होतं. जबाब लिहिणं. डोंगरातून माणसं येत, कुणाची वनहक्काची जमीन, कुणाची वारसाची नोंद, कुणाविरुद्धची तक्रार. त्यांना भिली किंवा पावरी येई, साहेबांना मराठी येई, आणि मधे मी बसे. माझं गाव तापीकाठचं. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि भिली शिकलो ती नोकरीत, माणसांच्या तोंडाकडे बघून.

बाहेरच्या माणसाला वाटतं की जबाब म्हणजे समोरचा बोलेल ते उतरवून घेणं. तसं नसतं. समोरची बाई गाईपासून सुरू करते, मधे सासरा मेल्याचं सांगते, मग पुन्हा गाय येते, आणि मुद्दा त्या दुसऱ्या गाईत असतो. तो तुम्हाला ओळखायचा असतो आणि तिच्या तोंडचं काही न गाळता दहा ओळींत बसवायचा असतो. शेवटी लिहायचं, ‘सदर जबाब वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’, आणि त्याखाली अंगठा घ्यायचा. त्या अंगठ्यानंतर कागद बोलतो, माणसाचं कुणी ऐकत नाही. माझे जबाब कार्यालयात नावाजलेले होते. नवे साहेब आले की जुने त्यांना सांगत, भाऊसाहेबांच्या हातचा जबाब असेल तर शंका घेऊ नका. ते ऐकून मी दिवसभर ताठ चालायचो, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मी निवृत्त झालो आणि वर्षभरातच माझ्या खुर्चीवर मशीन आलं. पुण्याच्या एका कंपनीनं बनवलेलं. टेबलावर छोटा माइक, शेजारी लॅपटॉप. बाई भिलीत बोलली की पडद्यावर मराठी जबाब तयार. मला गावात जो भेटेल तो हेच विचारी, “भाऊसाहेब, आते तुम्हना जागे मशीन बसाडं म्हणतस, खरं शे का?” मी हसून “शे” म्हणायचो आणि घरी येऊन चहा तसाच ठेवून बसायचो.

त्याच सुमारास माझी पुतणी वैशाली घरी आली. ती शहाद्याकडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. तिच्या कॉलेजात चर्चासत्र होतं, विषय असा की जुन्या ग्रीक लोकांनी बुद्धीचे जे सद्गुण सांगितलेत ते यंत्रात असू शकतात का. तिला त्यात कामाचा अनुभव असलेला माणूस बोलायला हवा होता. मी म्हटलं, बाई, मला ग्रीक म्हणजे कुठे आहे तेही नकाशात शोधावं लागेल. ती ओट्यावर बसली आणि मला चक्क अहिराणीत ग्रीक शिकवायला लागली.

एका जुन्या ग्रीक पंडितानं बुद्धीचे पाच गुण सांगितले आहेत. एक ज्ञान, जे सिद्ध करून दाखवता येतं. दुसरा कारागिरी, हातातली विद्या. तिसरा व्यवहारातलं शहाणपण, म्हणजे या माणसापुढे, या घडीला काय करणं भलं ते कळणं. त्याला ते फ्रोनेसिस म्हणतात. मग एक मुळातलं सत्य थेट उमगणारी नजर, आणि सगळ्यांच्या वर प्रज्ञा. मी मान डोलावत होतो. पण नंतर तिनं त्या शहाणपणाच्या शेजारी बसणारा एक धाकटा गुण सांगितला, तेव्हा मी सरसावून बसलो.

“काका, त्याले सुनेसिस म्हणतस. दुसरा काय बोली ऱ्हायना, ते नीट समजी लेवानी अक्कल.”

“सुनेसिस? म्हंजे सुनवानं?”

ती हसली. म्हणाली, हिंदीतल्या सुनण्याशी त्याचं काही नातं नाही, नुसता योगायोग. पुढे म्हणाली की तो ग्रीक म्हणतो, शहाणपण हुकूम देतं, काय करायचं ते ठरवतं. सुनेसिस हुकूम देत नाही. ते फक्त समोरच्याचं बोलणं ऐकून त्याचा बरोबर निवाडा करतं.

म्हणजे शहाणपण हा साहेब आणि सुनेसिस हा कारकून. इतक्या जुन्या काळी, इतक्या लांब बसून एका माणसानं माझ्या खुर्चीला नाव देऊन ठेवलं होतं आणि मला ते निवृत्तीनंतर कळावं! मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की येतो तुझ्या कॉलेजात, आणि उत्तरही आत्ताच लिहून घे. तुझं ज्ञान आणि कारागिरी मशीनला मिळू देत, हे सुनेसिस त्याच्या बापाला जमणार नाही.

हे मी मशीन न बघताच बोललो होतो. बघायची संधी लवकरच आली. कार्यालयातल्या नव्या मॅडमनी निरोप पाठवला की मशीनचे जबाब तपासायला जुना माणूस हवा आहे, आठवड्यातून दोन दिवस याल का. मॅडम तरुण, लातूरकडच्या, कामाला कडक आणि मनानं सरळ. कंपनीची इंजिनिअर सायली तिथे महिनाभर मुक्कामाला होती, जीन्स घालून, वहीत सारखी काही टिपत. मला बसायला माझीच जुनी खुर्ची दिली, कोपऱ्यात.

पहिल्या दिवशी डोंगरातला एक म्हातारा आला होता. मॅडमनी विचारलं, जमीन किती वर्षं कसता? म्हातारा गप्प. आमच्याकडे डोंगरातला वयस्क माणूस प्रश्न आला की लगेच उत्तर देत नाही. लगेच बोलणं म्हणजे समोरच्याचा प्रश्न हलका समजणं. तो पागोटं सारखं करतो, जमिनीकडे बघतो, आणि मग बोलतो. मशीननं थोडा वेळ वाट पाहिली आणि पडद्यावर लिहिलं, ‘जबाब देणार निरुत्तर’. मी सायलीला सांगितलं की तो निरुत्तर नाही, तो मॅडमना मान देतोय. तेवढ्यात म्हातारा बोलायला लागला आणि बापापासून, बापाच्या बापापासून सगळं सांगून मोकळा झाला. सायलीनं वहीत मोठ्या अक्षरात टिपून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मशीन थांबायला शिकलं. मी घरी येऊन बायकोला ते तीनदा सांगितलं.

खरं सांगायचं तर मशीन वाईट नव्हतं. ते थकत नव्हतं. दुपारी जेवणानंतर पेंगत नव्हतं. आलेल्या माणसाच्या अंगाला धुराचा वास येतो म्हणून खुर्ची मागे सरकवत नव्हतं, आणि असं करणारे कारकून मी पाहिले आहेत. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक होते. माझ्या जागी दुसरा कुणी आळशी माणूस येण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत झालं होतं, आणि ते अजूनही कायम आहे.

मग मोगीबाई आली.

मोगीबाई वसावे, खापर गावापलीकडच्या डोंगरातली, पस्तिशीची विधवा. नवऱ्याच्या नावावर वनहक्काचा जमिनीचा तुकडा होता. तो गेल्यावर वारस म्हणून आपलं नाव लागावं असा तिचा अर्ज. दिराची हरकत होती. त्याचं म्हणणं, ही माहेरी निघून गेली होती, हिचा जमिनीशी संबंध उरला नाही. दीर त्या दिवशी बाहेर बाकावर बसला होता. मोगीबाईकडे तेवढी जमीन सोडून दुसरं काही नव्हतं. दोन मुली होत्या, आणि नाव लागलं नाही तर तिला कायमचं भावाच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं.

ती न घाबरता, सलग बोलली म्हणे. मी उशिरा पोचलो होतो, दारातून आत येत होतो, त्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मी बसतोय तोवर मॅडम पडद्यावरचा जबाब मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

“‘पती वारल्यानंतर माझी दिराशी भानगड झाली.’”

मॅडम थांबल्या. कानापर्यंत लाल झाल्या. दुसऱ्या टेबलावरचा टायपिस्ट खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, “बाई, हे... हे तुम्ही म्हणालात? बरोबर आहे?”

मोगीबाईला मराठी थोडं कळायचं. तिनं जोरात मान हलवली. तिचं बोलणं मी इथे मराठीत देतो. म्हणाली, “हो, झाली ना! सगळ्या गावासमोर झाली. पंच बसले होते.”

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला.

“बोकड कापला,” मोगीबाई पुढे म्हणाली. तिला वाटलं, मॅडमना पटत नाहीये. “अर्धा खर्च त्यानं दिला, अर्धा मी. माझा भाऊपण होता तिथे. विचारा त्याला!”

टायपिस्टानं आता तोंडावर फाइल धरली होती. मॅडमचा चेहरा मात्र हसण्यासारखा राहिला नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला कळलं की त्यांच्या मनात निकाल लागला. ही बाई खरी असली तरी हिची बाजू संपली, असं काहीतरी.

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलोच. “मॅडम, भानगड नाही! भांजगड!”

ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुजरातच्या हद्दीकडे डोंगरात भांजगड म्हणजे तंटा मिटवण्याची बैठक. दोन घरांत वाद झाला की पंच बसतात, दोन्हीकडचं ऐकतात, तोड काढतात, मग जेवण होतं आणि वाद संपतो. भांजगड झाली म्हणजे आता आमच्यात काही उरलं नाही. मोगीबाई सांगत होती की दिरानं गावासमोर, पंचांसमोर जमीन हिची असं मान्य केलंय. तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तो. मराठीत एक अक्षर गळलं आणि तिनं आपल्या तोंडानं दिराशी लफडं कबूल केलं.

वाचून दाखवूनही चूक पकडली गेली नाही, कारण मॅडम भानगड वाचत होत्या आणि मोगीबाई भांजगड ऐकत होती. दोघी एकमेकींना होकार देत होत्या.

मी मोगीबाईला तिच्या बोलीत पुन्हा विचारलं, जबाब पुन्हा लिहून घेतला, पंचांची नावं घेतली. मग दिराला आत बोलावलं. मॅडमनी त्याला एवढंच विचारलं की भांजगडीत बोकड कापला होता का. तो खाली बघत म्हणाला, हो. पुढे महिन्याभरात मोगीबाईचं नाव लागलं. त्या दिवशी मात्र तिला आम्ही काय वाचलं होतं ते कुणी सांगितलं नाही. ती जाताना मॅडमना म्हणाली, तुम्ही चांगल्या आहात, पण ऐकायला जरा जड आहात.

माझी मान किती वर गेली असेल याची कल्पना करा. मी सायलीकडे वळून म्हटलं, “बघितलंत? तुमच्या मशीनला कान नाहीत.”

सायली पडद्याकडे बघत होती. म्हणाली, “कान आहेत, काका. इकडे या.”

तिनं पडद्यावर दोन रकाने उघडले. मशीन आधी ऐकलेलं जसंच्या तसं लिहितं, ते डाव्या रकान्यात. मग ते कार्यालयाच्या मराठीत नीट करतं, ते उजव्या. बाहेर फक्त उजवा रकाना दिसतो. डाव्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं, ‘भांजगड’.

“मग उजवीकडे कसं बदललं?”

“हे नीट करायला ते तुमच्या कार्यालयाच्या जुन्या जबाबांवरून शिकलंय. आम्ही रेकॉर्डमधले कागद स्कॅन करून घातले होते. त्यांत भांजगड हा शब्द कुठेच नाही, तशाच जागी भानगड हा शब्द मात्र दिसला, म्हणून मशीननं तोच बरोबर धरला.” तिनं दोन-चार कागद उघडून दाखवले. “हे बघा. हा. हा पण.”

अक्षर गोल होतं, डावीकडे किंचित कललेलं. शिरोरेघ एका दमात मारलेली. ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

मला तिथे बसवेना. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

आता माझं सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा मी बोर्डात मराठीत पहिला आलेला मुलगा होतो आणि डोक्यात ते भरपूर होतं. डोंगरातल्या माणसांचं बोलणं म्हणजे बिघडलेलं मराठी, असं मी मनाशी धरून चाललो होतो. ते बोलत आणि मी ते ‘शुद्ध’ करून लिही. भांजगड हा शब्द कानावर आला की मला वाटे, बिचाऱ्यांना भानगड म्हणता येत नाही. मी दुरुस्त करत असे. दुरुस्त! साहेब खूश असायचे, कारण माझा जबाब वाचायला सोपा असायचा.

मला अर्थ कळला तो चौथ्या वर्षी, खापरकडे एका गावात कामानिमित्त थांबलो असताना. मला एका भांजगडीला बसवलं. दोन भावांचा विहिरीवरून वाद होता. पंच दिवसभर ऐकत होते, कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं. संध्याकाळी तोड निघाली, दोघं भाऊ एका ताटलीत जेवले. मी शेजारच्याला विचारलं, याला काय म्हणतात? त्यानं सांगितलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. आजवर आपण हा शब्द किती कागदांवर मारला, ते मला त्याच वेळी आठवायला लागलं होतं.

त्यानंतर मी ती चूक एकदाही केली नाही; तो शब्द आला की ‘पंचांसमोर तडजोड’ असं लिहायचो. भिली मन लावून शिकलो, जबाब त्यांच्या बोलीत वाचून दाखवायला लागलो. लोक मला मानायला लागले ते त्यानंतर. पण मागचे कागद मी उघडले नाहीत. ती प्रकरणं बंद झाली होती. नवी नोकरी, नवा संसार, आणि साहेबांपुढे जाऊन सांगायचं काय, तर तुमचा सगळ्यात शहाणा कारकून शब्द ऐकू शकत नव्हता? मी भ्यालो. तेवढंच. याला दुसरं नाव नाही.

सायलीनं त्याच दुपारी मशीन सुधारलं. जेवून येईपर्यंत झालं होतं. मला तिचा आणि मशीनचा हेवा वाटला.

वैशालीच्या कॉलेजात गेलो तेव्हा मी ही गोष्ट सांगितली, माझ्या अक्षरापर्यंतची सगळी. वैशालीनं सगळ्यांसमोर विचारलं, आणि त्या वेळी तिनं मला काकाबिका मानलं नाही, “म्हणजे मशीननं बरोबर ऐकलं होतं आणि ते बिघडवायला माणसाकडून शिकलं. मग सुनेसिस कुणाकडे नव्हतं?”

मी म्हटलं, माझ्याकडे नव्हतं. पण माझं उत्तर बदललेलं नाही, फक्त आता मला ते कळतं. मशीनला ज्ञान येईल, येतंच आहे. कारागिरी माझ्यापेक्षा बरी आहे. कान तर माझ्या पहिल्या चार वर्षांतल्या कानांपेक्षा नक्कीच चांगले. पण समोरच्याचं बोलणं समजणं हा नुसता कानाचा गुण नाही. चुकीचं ऐकलं तर त्या माणसाचं पुढे काय झालं, हे ज्याला टोचतं, तोच पुढच्या वेळी कान देऊन ऐकतो. मशीन दुपारी चुकलं आणि दुपारीच सुधारलं, मोगीबाई त्याच्यात कुठेच उरली नाही. उद्या कुणी असं मशीन केलं की ज्याला हे टोचतं, तर मी त्याला माझी खुर्ची खुशाल देईन, वर चहा पाजेन. तोवर त्याच्या शेजारी माणूस बसवा, आणि तो माणूस मराठीत पहिला आलेला नको.

टाळ्या पडल्या. घरी येताना जीपमध्ये वैशाली हळूच म्हणाली, “काका, पन तुम्हले टोचनं, मंग तुम्ही काय कयं?”

मी काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमची परवानगी घेऊन मी रेकॉर्डच्या खोलीत बसलो. जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला आमच्यात रुमाल म्हणतात. एकेक रुमाल सोडत गेलो. माझ्या अक्षरातले, त्या शब्दाचे सात जबाब निघाले. पाचांमध्ये त्या शब्दानं काही बिघडलं नव्हतं, निकाल दुसऱ्याच मुद्द्यावर लागला होता. सहावा माणूस वारला होता, मागे कुणी नाही. सातवा जबाब जेठीबाईचा होता.

जेठीबाई वळवी, त्या वेळी विशीतली. गावात अंगणवाडीच्या मदतनीसाची जागा निघाली होती आणि तिचं नाव पुढे होतं. कुणीतरी तक्रार केली की शेजारच्या घराशी हिचं भांडण आहे, त्या घरची मुलं अंगणवाडीत येणार नाहीत. जबाबात ती म्हणाली होती की शेजारच्या माणसाबरोबर आमची भांजगड झाली आहे, आता काही नाही. मी लिहिलं होतं, ‘शेजारी राहणाऱ्या इसमाशी माझी भानगड झाली होती, आता काही नाही.’ खाली तिचा अंगठा. त्याच्या खाली साहेबांचा शेरा, ‘अर्जदार महिलेने स्वतः कबूल केले आहे. वर्तन योग्य नाही.’

तो कागद घेऊन मी उठलो. मॅडमना दाखवला. त्यांनी माझ्याकडे न बघता तो दोनदा वाचला. मग स्वतः बसून एक पत्र तयार केलं, की सदर जबाबात एक शब्द लिहिणाऱ्याच्या चुकीनं बदलला असून मूळ अर्थ असा असा आहे, त्यामुळे वर्तनाबद्दलचा शेरा रद्द समजावा. सही केली, शिक्का मारला. म्हणाल्या, “जागा आता देता येणार नाही, भाऊसाहेब. वय उलटून गेलं असणार त्यांचं.”

मी दोन दिवस पत्र घरात ठेवलं. पोस्टानं पाठवावं असंही मनात आलं. बायको तोवर सगळं ऐकून होती. तिसऱ्या दिवशी तिनं माझी पिशवी भरून दारात ठेवली.

“घर बशीसन काय व्हई? माफी मांगी या, नही ते गाया खाई या. पन जाई या.” गाया म्हणजे आमच्याकडे शिव्या.

एसटीनं खापर, तिथून जीपनं डोंगरात, शेवटी पायी. जेठीबाईचं घर विचारलं तर लोकांनी लगेच दाखवलं. नाल्याच्या अलीकडे तिचं, पलीकडे ते शेजारचं. ती अंगणात मक्याची कणसं सोलत होती. केस पांढरे, हात अजून भक्कम. मला तिनं ओळखलं नाही, मीही तिला ओळखलं नसतं. पाणी दिलं. मी माझं नाव सांगितलं, कार्यालयाचं सांगितलं. तिचे हात थांबले.

मी तिच्या बोलीत बोलत होतो. तिचं इथे मराठीत लिहितो, आणि आता जपून लिहितो.

“तो जबाब,” मी म्हटलं, “मी चुकीचा लिहिला होता.”

“काय चुकीचं?”

मी तिला सांगितलं. तिचा शब्द सांगितला, माझा शब्द सांगितला, आणि मराठीत माझ्या शब्दाचा अर्थ काय होतो तेही सांगितलं.

तिनं पदर सारखा केला, जमिनीकडे पाहिलं. मी वाट पाहिली.

“म्हणून,” ती शेवटी म्हणाली. “अंगणवाडीची बाई आली होती ऑफिसातून. गावात सांगून गेली, हिनं आपल्या तोंडानं कबूल केलंय. मी म्हणाले, मी काही बोलले नाही. नवरा म्हणाला, मग कागदावर तुझा अंगठा कसा? याचं उत्तर मला कधी देता आलं नाही.” तिनं एक कणीस उचललं आणि न सोलता परत ठेवलं. “त्यानं टाकलं नाही मला. पण मरेपर्यंत विचारत राहिला.”

मी हात जोडले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. पत्राकडे बोट दाखवलं.

“वाच.”

मी पत्र तिच्या बोलीत वाचलं. शेजारच्या माणसाबरोबर आमची भांजगड झाली आहे, आता काही नाही, असं जेठीबाई बोलली होती. ती डोळे मिटून ऐकत होती.

“हेच बोलले होते मी,” ती म्हणाली.

मग ती उठली. अंगणाच्या कडेला गेली आणि नाल्यापलीकडे तोंड करून एका बाईच्या नावानं हाक मारली. तिकडून ओ आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी डोंगर घुमला. पलीकडच्या घरातून तिच्याच वयाची एक बाई बाहेर आली, दारात उभी राहिली. ती त्या शेजाऱ्याची बायको, हे मला कुणी सांगायला नको होतं. मग हळूहळू नाला उतरून वर आली आणि अंगणाच्या काठावर, थोडी लांब, जमिनीवर बसली. जेठीबाईकडे तिनं पाहिलं नाही. माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिली.

जेठीबाई माझ्याकडे वळून म्हणाली, “आता पहिल्यापासून वाच. हिनं ऐकलेलं नाही.”